चांदीच्या वाइन लेबलांची बैठक घरी भरवायची तर

काचेमागची लेबलं बघायला म्युझियम आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये वाइन लेबलांचा मोठा संग्रह आहे, तिथे जावं आणि पोटभर बघावं. पण तिथे एक गोष्ट करता येत नाही, ती म्हणजे लेबल हातात घेऊन उलटवणं. बैठक असते ती त्यासाठी. म्हणून घरी बैठक बोलावताना मी सगळी आखणी एकाच गोष्टीभोवती करते: आलेलं प्रत्येक लेबल आलेल्या प्रत्येकाच्या हातातून फिरलं पाहिजे, आणि जसं आलं तसंच घरी परत गेलं पाहिजे. खाणं, पिणं, भाषण, खुर्च्यांची मांडणी, सगळं त्यानंतर.

छंदात नव्या असलेल्यांसाठी थोडक्यात. ही कागदी लेबलं नव्हेत. डिकॅन्टरच्या, म्हणजे वाइन ओतून टेबलावर ठेवायच्या काचेच्या सुरईच्या, गळ्यात बारीक साखळीने अडकवलेली ही चकती असते, बहुधा चांदीची, साधारण दोन बोटं रुंद, आणि तिच्यावर आतल्या वाइनचं नाव. इंग्लंडमध्ये १७३० च्या दशकापासून ती दिसू लागते. तळघरातल्या बाटल्यांवर नाव नसायचं, वाइन डिकॅन्टरमध्ये ओतून टेबलावर यायची, आणि पोर्ट कुठली नि क्लॅरेट कुठली हे चकती सांगायची. १८६० आणि १८६१ मध्ये ब्रिटनचा तेव्हाचा अर्थमंत्री ग्लॅडस्टन याच्या कायद्यांनी किराणा दुकानांना सुटी बाटली विकायची मुभा दिली, बाटलीवर कागद चिकटू लागला आणि चांदीच्या चकतीचं काम हळूहळू संपलं. एवढा सव्वाशे-दीडशे वर्षांचा काळ, पण त्यात आकार, नावं, कारागीर यांची इतकी दाटी आहे की आयुष्य पुरत नाही. ब्रिटनमध्ये वाइन लेबल सर्कल ही संग्राहकांची संस्था १९५२ पासून आहे. पण संस्थेचे कार्यक्रम वर्षातून मोजकेच, आणि मधल्या महिन्यांत लेबल बघायची तहान असतेच. इंग्लंडमधल्या आमच्यासारख्या छोट्या कंपूंच्या घरगुती बैठका त्यातूनच सुरू होतात.

माणसं किती बोलवायची

आठ. फार तर दहा. यापेक्षा जास्त झाली की टेबलाची दोन टोकं पडतात, एका टोकाला हॉलमार्कवर वाद आणि दुसऱ्या टोकाला सुट्टीच्या गप्पा. आठ जणांनी प्रत्येकी तीन-चार लेबलं आणली तरी दोन-अडीच तास अपुरे पडतात. प्रत्येकाने किती आणायची हे निमंत्रणातच लिहा, नाहीतर एखादे गृहस्थ सगळा संग्रह सूटकेसमधून घेऊन येतात आणि बाकीच्यांची लेबलं पिशवीतच राहतात.

संध्याकाळपेक्षा मला दुपार आवडते. खिडकीतून तिरपा येणारा उजेड कोरीवकाम जसं दाखवतो तसं कुठलाही दिवा दाखवत नाही. हिवाळ्यात मात्र इथे चारला अंधारतं, तेव्हा मानेचे दोन टेबललॅम्प ठेवा आणि त्यांचा झोत वरून न पाडता बाजूने, जवळजवळ आडवा सोडा. छताचा दिवा चांदीवर नुसता चमकतो, त्यात काही दिसत नाही.

विषय ठरवलेला बरा. ‘काहीही आणा’ म्हटलं की सगळे आपलं सर्वात महागाचं आणतात आणि बैठकीचं प्रदर्शन होतं. विषय दिला की तुलना सुरू होते, आणि या छंदातली खरी मजा तुलनेत आहे. मला आवडलेला एक विषय म्हणजे फक्त मडेरा. सगळ्यांकडे मडेराचं एक तरी लेबल असतंच, कारण अठराव्या शतकात ती वाइन फार चालायची. जहाजाच्या पोटात भारतापर्यंत जाऊन, उष्णतेत मुरून परत आलेल्या मडेराला तर विशेष मान होता. एकाच नावाची पंधरा-वीस लेबलं एका रांगेत मांडली की ढालीच्या आकारापासून चंद्रकोरीपर्यंत, आयतापासून द्राक्षाच्या पानापर्यंत फॅशन कशी सरकत गेली ते कुणी न सांगता कळतं.

दुसरा विषय स्त्री रौप्यकारांचा: हेस्टर बेटमन, सुझॅना बार्कर, मार्गारेट बिनली. हेस्टर बेटमनने १७६१ मध्ये स्वतःचा ठसा नोंदवला आणि १७९० मध्ये ती निवृत्त झाली. तिचं नाव सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे त्या दिवशी बार्कर आणि बिनलीकडे मुद्दाम जास्त वेळ द्यावा. तिसरा बर्मिंगहॅमचा. तिथलं हॉलमार्किंगचं कार्यालय १७७३ मध्ये सुरू झालं, त्याची खूण जहाजाचा नांगर. मॅथ्यू लिनवुड, जोसेफ टेलर, जोसेफ विलमोर यांची नाजूक, हलकी कामं एकत्र पाहिली की लंडनच्या कामाशी फरक डोळ्यांत भरतो. आणि विसरलेल्या नावांची एक बैठक नक्की ठेवा: माउंटन, लिस्बन, व्हिडोनिया, बुसेलास, कॅल्काव्हेला, श्रब. अर्राकसुद्धा. आपल्याकडच्या समुद्रावरून गेलेलं पेय इंग्लिश जेवणाच्या टेबलावर चांदीत कोरलेलं बघताना मला दर वेळी वेगळाच आनंद होतो.

टेबल

सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या.

टेबल मोठं, पण समोरच्याचा हात पोचेल इतपतच रुंद हवं. त्यावर जाड घडी केलेली सुती चादर आणि वर गडद रंगाचं सुती मखमल. लोकरीचं फेल्ट नको. लोकरीत गंधक असतं आणि त्याने चांदी काळवंडते. रबरबँडचंही तेच, लेबलाच्या पाकिटाला रबर लावून आणणाऱ्यांना प्रेमाने सांगा. चादरीची जाडी महत्त्वाची आहे, कारण लेबल निसटलं तर मऊ जागी पडलं पाहिजे.

फिरवण्याचा नियम एकच, पण तो कडक. लेबल हातातून हातात द्यायचं नाही. आपलं बघून झालं की मखमलीवर ठेवायचं, मग शेजाऱ्याने उचलायचं. दोघांनी एकाच वेळी धरलेली वस्तू पडते, कारण प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने धरली आहे. शिवाय साखळीची कडी शेजाऱ्याच्या अंगठीत किंवा घड्याळाच्या पट्ट्यात अडकते. आमच्याकडे एका पाहुण्याच्या ब्रेसलेटमध्ये साखळी अडकून कडी उघडली होती. साखळी मागाहून बदललेली होती म्हणून फार बिघडलं नाही, पण तेव्हापासून दारातच एक वाटी ठेवते, अंगठ्या, घड्याळं, बांगड्या त्यात. लेबल बघताना हात टेबलाच्या वर राहिले पाहिजेत, मांडीवर घेऊन बघायचं नाही, आणि उभं राहून तर नाहीच.

हातमोज्यांबद्दल मतं वेगवेगळी आहेत. माझं मत असं की सुती मोज्यांनी पकड सुटते आणि साखळी त्यांच्या धाग्यात गुंतते. त्यापेक्षा साबणाने हात धुवा, पूर्ण कोरडे करा, क्रीम लावू नका, आणि लेबल कडेने धरा. मोजे हवेच असतील त्यांच्यासाठी नायट्राइलचे ठेवा. शेवटी मालकाने आपलं लेबल मऊ सुती कापडाने पुसूनच पाकिटात घालावं, कारण घामातल्या मिठाचा बोटाचा ठसा महिनाभराने चांदीवर उठून दिसतो.

भिंग दहापट मोठं दाखवणारं, जवाहिरे वापरतात तसलं. दोघांत एक तरी हवं. एक साधी पट्टी, एक छोटा डिजिटल वजनकाटा, आणि हॉलमार्कची तालिका. हॉलमार्कमधल्या सालाच्या अक्षरावरून वर्ष लावताना तालिका हाताशी असली की निम्मे वाद जागच्या जागी मिटतात.

मिनाकामाची लेबलं मात्र फिरवू नका. बॅटरसीच्या यॉर्क हाउसमधला तो कारखाना १७५३ ते १७५६ एवढाच चालला. तिथली लेबलं म्हणजे तांब्यावर पांढरा मिना आणि त्यावर छापील चित्र, त्यात सायमन फ्रान्स्वा रावने याने कोरलेल्या चित्रांचा वाटा मोठा. मिना काचेसारखाच टिचतो. तसं लेबल कुणी आणलं तर ते एका जागी ठेवून माणसांनी त्याच्याकडे जावं.

बघायचं कसं, आणि बोलायचं कसं

पहिल्या फेरीत कुणी कारागिराचं नाव किंवा साल सांगायचं नाही. मालकानेही नाही. लेबल नुसतं फिरतं आणि जो तो काय दिसतं ते बोलतो. सुरुवातीला जुनेजाणते थोडे कुरकुरतात, पण याने नवखा माणूस बोलता होतो आणि अनुभवी माणूस पुन्हा बघायला लागतो.

माझ्याकडचं एक मडेराचं लेबल मी अशा फेरीत नेहमी ठेवते. ढालीचा आकार, कडेने द्राक्षवेल कोरलेला, मागे एस. डी. असा ठसा. तो सँडिलँड्स ड्रिंकवॉटरचा, सुरुवातीच्या काळात या लेबलांचं भरपूर काम केलेला लंडनचा रौप्यकार. आडवं धरलं की चकती किंचित वाकवलेली दिसते, डिकॅन्टरच्या पोटावर नीट बसावी म्हणून. वेलाची पानं वरच्या बाजूला गुळगुळीत झाली आहेत आणि खाली अजून धारदार आहेत, कारण उचलताना अंगठा वरच लागायचा. आणि साखळीची भोकं बघा म्हटलं की सगळे भिंगाकडे हात करतात. ती गोल राहिलेली नाहीत. साखळीचं वजन वर्षानुवर्षं एकाच दिशेला ओढत राहिल्याने लांबट झाली आहेत. ही झीज मुद्दाम करून आणणं कठीण. जुन्या म्हणवणाऱ्या लेबलाची भोकं कोरी करकरीत असली तर लगेच खोटं म्हणू नये, पण प्रश्न मात्र विचारावा.

या लेबलावर सालाचं अक्षर नाही, आणि नवख्यांना ते खटकतं. खटकायचं कारण नाही. त्या काळात लहान वस्तूंना पूर्ण हॉलमार्कमधून सवलत होती. १७९० च्या कायद्याने बाटलीच्या लेबलांची ती सवलत काढून घेतली, म्हणून त्यानंतरच्या लेबलांवर सहसा सगळा संच मिळतो: चालता सिंह (चांदीच्या शुद्धतेची खूण), शहराची खूण, सालाचं अक्षर, कारागिराचा ठसा आणि कर भरल्याची खूण म्हणून राजाचं मुंडकं. हे मुंडकं १७८४ च्या अखेरीस आलं आणि १८९० मध्ये गेलं. एवढं सांगितलं की पहिल्यांदा आलेला माणूससुद्धा पुढच्या लेबलावर स्वतःच मुंडकं शोधू लागतो.

पुढची पायरी नाव तपासण्याची. एखादी वाइन मागे पडली की घरमालक जुनं नाव घासून नवं कोरून घ्यायचे. अंगठा आणि बोट यांच्यामध्ये चकतीचा मध्यभाग धरून कडेशी तुलना करा, मध्ये पातळ लागला तर नाव बदललेलं असू शकतं. मग लेबलावर हलकेच श्वास सोडा. वाफ बसते आणि उडून जाते त्या क्षणभरात झाळ दिलेली जागा वेगळ्या रंगाची दिसते. हे करताना भिंग आधीच डोळ्याशी धरून ठेवा, वाफ थांबत नाही.

आता नाजूक भाग. कुणाच्या तरी लेबलात खोट निघणार. ओतीव नक्कल असते, तिचे ठसे बोथट आणि पृष्ठभाग बारीक छिद्रांचा. किंवा चमच्यासारख्या दुसऱ्या जुन्या वस्तूतून कापलेला तुकडा असतो, म्हणजे ठसा खरा पण भलत्याच जागी. हे टेबलावर सगळ्यांदेखत जाहीर करणं मला अजिबात मान्य नाही. ते लेबल त्या माणसाने हौसेने घेतलेलं असतं, कदाचित निवृत्तीच्या पैशातून. यजमानाचं काम एवढंच: ‘ठशाच्या कडा तुम्हाला कशा वाटतात?’ असं विचारून भिंग मालकाच्याच हातात द्यायचं. बहुतेकांना ते स्वतःला दिसतं, आणि स्वतःला दिसलेलं जास्त शिकवतं. उरलेलं निघताना, कोट घालता घालता, दोघांतच बोलावं. गंभीर शंका असेल तर लंडनच्या गोल्डस्मिथ्स कंपनीच्या हॉलमार्किंग कार्यालयाची अँटीक प्लेट कमिटी अशा वस्तू तपासते, तिकडचा रस्ता दाखवावा. कुणी हुशारी दाखवायला मोठ्याने ‘बनावट’ म्हणालंच, तर यजमानाने तिथल्या तिथे विषय पुढे न्यावा. अशा एका शब्दाने गेलेली माणसं पुन्हा येत नाहीत.

किंमत विचारणं हेही टेबलावर नको. अदलाबदल, खरेदी-विक्री करायची असेल तर शेवटी, चहाच्या वेळी, दुसऱ्या खोलीत. विक्रेत्यांना जरूर बोलवा, त्यांच्याइतकी लेबलं कुणाच्याच हाताखालून गेलेली नसतात. पण त्या दिवशी ते पाहुणे म्हणून येतील हे आधी बोलून घ्या.

हस्तिदंत आणि वाघनखं

हस्तिदंताची लेबलं कुणाकडे असतात, आणि वाघनखांची तर भारतातूनच आलेली: दोन नखं समोरासमोर, मध्ये चांदीची जोडणी. कलकत्त्याच्या हॅमिल्टन अँड कंपनीची चांदीची लेबलं आणि ही वाघनखं एकत्र मांडली की वसाहतीतल्या इंग्रजांचं जेवणाचं टेबल समोर उभं राहतं. बघायला, बोलायला हरकत नाही. पण ब्रिटनच्या २०१८ च्या हस्तिदंत कायद्याप्रमाणे, जो ६ जून २०२२ पासून लागू आहे, जुन्या हस्तिदंताचीही खरेदी-विक्री काही ठरावीक अपवाद सोडले तर बेकायदा आहे. वाघाच्या अवयवांच्या व्यापारावरही निर्बंध आहेत. म्हणून माझ्या घरी या दोन्हींचा व्यवहार नाही, अदलाबदलही नाही, आणि हे निमंत्रणातच लिहिलेलं असतं. भारतात जाताना असलं लेबल कौतुकाने सोबत नेऊ नका. तिथे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, आणि ‘आजोबांच्या काळचं आहे’ हे उत्तर विमानतळावर चालत नाही.

वाइन, नंतर

लेबलं पाकिटात गेल्याशिवाय माझ्या घरी बाटली उघडत नाही. रेड वाइनचा एक थेंब मखमलीवर पडला तर मखमल धुता येते, पण कोरीव अक्षरांत शिरलेली गोड पोर्ट साफ करायला घासावं लागतं, आणि घासणं म्हणजे झीज.

ज्या विषयाची बैठक, ती वाइन. मडेराच्या दिवशी मडेरा, आणि ती यजमानाला फार सोयीची, कारण उघडलेली बाटली कित्येक आठवडे टिकते. जुनी व्हिंटेज पोर्ट देणार असाल तर बाटली आदल्या दिवशीच उभी करून ठेवा, गाळ खाली बसू द्या, मग हळूहळू डिकॅन्टरमध्ये ओता. यजमानाने आपलं एखादं मजबूत लेबल त्या डिकॅन्टरच्या गळ्यात खुशाल अडकवावं, ते त्याच कामासाठी केलेलं आहे. शिशाच्या काचेच्या जुन्या डिकॅन्टरमध्ये वाइन रात्रभर ठेवू नका, शिसं उतरतं.

खायला स्टिल्टन चीज, अक्रोड, कोरडी बिस्किटं. ज्या बैठकीत चहाच्या वेळी पुन्हा लेबलं निघण्याची शक्यता आहे तिथे अंड्याची सँडविच आणि खारे शेंगदाणे टाळा. अंड्यातलं गंधक चांदी काळी करतं आणि मीठ तर तिला खातं. न पिणाऱ्यांसाठी द्राक्षाचा चांगला रस त्याच ग्लासांतून द्या, वेगळ्या कपातून नको. आणि निमंत्रणात जवळच्या रेल्वे स्टेशनची वेळ लिहा म्हणजे कुणी गाडी आणणार नाही. पोर्टमध्ये अल्कोहोल साध्या वाइनपेक्षा बरंच जास्त असतं, दोन ग्लासांनी माणूस गाडी चालवायच्या अवस्थेत राहत नाही.

मोजदाद

लेबल चिमुकलं असतं, रुमालात गुंडाळलं जातं, सोफ्याच्या फटीत जातं. म्हणून आल्या आल्या यादी करा: मालक, वाइनचं नाव, आकार, साखळी आहे की नाही. प्रत्येक लेबलाला सुती दोऱ्याने कागदी क्रमांक बांधा, चिकटपट्टी कधीच नको. निघताना तीच यादी पुढे ठेवून एकेक क्रमांक सोडवायचा आणि मालकाची सही घ्यायची. जवळच्या मित्रांमध्ये हे रुक्ष वाटतं, पण यात कुणावरच संशय उरत नाही. घराबाहेर नेलेल्या वस्तूंना आपला विमा लागू आहे का, हे ज्याने त्याने आधी बघावं. बैठकीचे फोटो काढा, पण घराचा पत्ता, खोली किंवा कुणाकडे काय आहे हे कळेल असे फोटो इकडेतिकडे पाठवू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी, आठवण ताजी असताना, टिपणं नीट लिहून काढा आणि आलेल्या सगळ्यांना पाठवा. कुठे नवा ठसा दिसला, कुठल्या नावाचं लेबल पहिल्यांदाच पाहिलं, कशावर एकमत झालं नाही, तेही. मापं मिलिमीटरमध्ये, वजन ग्रॅममध्ये, पुढचा आणि मागचा फोटो. वाइनचं नाव चकतीवर जसं कोरलं आहे तसंच उतरवा, कोरणाऱ्याने स्पेलिंग चुकवलं असेल तरी सुधारू नका. त्या चुकीच्या स्पेलिंगवरूनच पुढे कुणाला तरी जोडीचं दुसरं लेबल ओळखता येतं.